ओ फॉर ऑरेंज, सं संत्र्याचा

इंजिनिअरिंगमध्ये विषय दोन प्रकारचे असतात. एक, ज्यात केटी लागते. दुसरा, ज्यात केटी लागली तर घरी सांगायची सोय नसते. 'एन्व्हायर्नमेंटल सायन्स' हा दुसऱ्या प्रकारातला. पेपरच्या आदल्या रात्री मेसचं जेवण झाल्यावर हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एकीने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, एवढ्या तयारीवर हा विषय निघतो अशी त्याची ख्याती आहे. एआयसीटीईच्या २०१८ च्या मॉडेल अभ्यासक्रमात तर त्याच्यापुढे 'मँडेटरी, नॉन-क्रेडिट' असं लिहून ठेवलंय. म्हणजे शिकायचा सगळ्यांनी, पण त्याची किंमत शून्य! आमच्या वर्गातला एकजण म्हणाला होता, "हा विषय म्हणजे लग्नातल्या अहेरासारखा आहे. देणाऱ्याला द्यावा लागतो, घेणाऱ्याला नको असतो."

गंमत सोडा, पण हा विषय आपल्या माथी कोणी मारला हे मात्र मी शोधून काढलं. तो मारला थेट सुप्रीम कोर्टाने! एम. सी. मेहता नावाच्या वकिलांनी याचिका केली होती, तिच्यावर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी कोर्टाने आदेश दिला की शाळा-कॉलेजांत पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवा. सिनेमागृहात खेळाआधी पर्यावरणाच्या स्लाईड्स फुकट दाखवा असंही त्याच आदेशात होतं. बारा वर्षं गेली तरी हालचाल दिसेना, तेव्हा डिसेंबर २००३ मध्ये कोर्टाने पुन्हा कान पिळले. मग यूजीसीने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला: आठ युनिट, पन्नास तास. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराच भरुचांनी लिहिलं. हे गृहस्थ पेशाने सर्जन, आणि आवडीने निसर्ग अभ्यासक. आठवं युनिट होतं 'फील्ड वर्क'. पाच तास बाहेर जाऊन एखादी नदी, तळं, टेकडी, शेत, जे जवळ असेल ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. त्यानंतर अभ्यासक्रम बदलले, क्रेडिटची नावं बदलली, पण फील्ड वर्कची ही पाच-दहा पानांची फाईल काही सुटली नाही. मला सांगायचंय ते या फाईलबद्दल.

त्याआधी थोडं शब्दांबद्दल. 'इकॉलॉजी' हा शब्द अर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये बनवला. त्यातल्या 'ऑयकॉस' या ग्रीक शब्दाचा अर्थ घर. म्हणजे इकॉलॉजी म्हणजे घराचा अभ्यास! 'इकोसिस्टिम' हा शब्द त्याहून उशिराचा, १९३५ चा, आर्थर टान्सली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाचा. मराठीत त्याला परिसंस्था म्हणतात. हा मराठी शब्द मला कॉलेजमध्ये येईपर्यंत माहीत नव्हता. मी कॉन्व्हेंटची. नर्सरीपासून इंग्रजी. आमच्या पुस्तकात फूड चेन होती: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. ती मला आजही झोपेत म्हणता येते. त्याच पुस्तकमालेच्या पहिल्या पुस्तकात 'ओ फॉर ऑरेंज' होतं. गुळगुळीत, चेंडूसारखं गोल, चकचकीत नारिंगी फळ. ते बघून मी घरी विचारलं होतं म्हणे, हे कोणतं फळ? ज्या घरातल्या पोरीने हे विचारलं त्या घराच्या मागे साडेचारशे संत्र्याची झाडं उभी होती! पण आमचं संत्रं कसं, साल ढिली, देठाजवळ जरासं वर आलेलं, हिरवट-पिवळं. ते काही त्या चित्रात बसत नव्हतं.

आमचं गाव मोर्शी तालुक्यात. वर सातपुडा, सालबर्डीचा महादेव, खाली वर्धा नदी, आणि मधे जिकडेतिकडे संत्र्याचे बगीचे. शेजारच्या वरुडला तर 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतात. नागपुरी संत्रं म्हणून जे जगात ओळखलं जातं, २०१४ मध्ये ज्याला जीआय मानांकन मिळालं, त्यातलं कितीतरी आमच्याकडच्या काळ्या मातीत पिकतं. नाव नागपूरचं, घाम आमचा. असो.

पहिल्या वर्षी मॅडमनी फील्ड वर्क दिलं तेव्हा वर्गातल्या निम्म्या लोकांनी वडाळी तलाव घेतला, उरलेल्यांनी छत्री तलाव. दोन्ही तलावांच्या तयार फायली सीनिअर्सकडे उपलब्ध होत्या. मी मात्र आमचा बगीचा घेतला. कारण फार थोर नव्हतं, त्या शनिवार-रविवारी मला घरी जायचं होतं. एका एसटीत दोन कामं.

एप्रिल महिना होता. ऊन असं की दहा वाजताच डोळे मिटायला लागावेत. मी वही, पेन आणि मोजायची टेप घेऊन बगीच्यात गेले, तर आबाजी (म्हणजे माझे आजोबा) मागे मागे आले. त्यांना वाटलं सरकारी सर्व्हे आहे. मी सांगितलं, "आबाजी, या बगीच्यात कोण कोणाले खाते ते लिव्हायचं हाये." ते हसले. म्हणाले, "मंग वही पुरन काय तुही?"

आणि खरंच पुरली नाही! पुस्तकातला गरुड बाजूला राहिला. आबाजींनी एका कोवळ्या फांदीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा ठिपका दाखवला. तो ठिपका चालायला लागला. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी होती. लहानपणी ती अशी दिसते म्हणून पक्षी तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. पानांच्या मागे मावा, माव्यावर ताव मारणारे लालबुंद ढालकिडे. काळ्या माशीच्या चिकट गोडव्यावर वाढणारी काळी बुरशी, तिला आमच्याकडे 'कोळशी' म्हणतात. खोडातून डिंक गळतो तो 'डिंक्या', म्हणजे पुस्तकातला फायटोफ्थोरा. त्याच्यासाठी बुंध्याला बोर्डो पेस्ट फासतात. लहानपणी मला वाटायचं झाडांना पांढरे-निळे मोजे घातलेत.

सगळ्यात भारी गोष्ट होती ती रस शोषणाऱ्या पतंगाची. फळ पिकायला आलं की हा पतंग रात्री येतो, सोंड खुपसून रस पितो, सकाळी फळावर टाचणीएवढं भोक दिसतं आणि दोन-चार दिवसांत फळ सडून गळतं. म्हणून संध्याकाळी बगीच्यात धूर करायचा. हे मला माहीत होतं. पण या पतंगाच्या अळ्या संत्र्यावर वाढतच नाहीत हे माहीत नव्हतं. त्या वाढतात गुळवेलीवर, वासनवेलीवर, म्हणजे धुऱ्यावरच्या रानवेलींवर. आबाजी म्हणाले, "रोग झाडात दिसते, पण त्याचं घर धुऱ्यावर रायते." मी हे वाक्य तसंच फाईलमध्ये लिहिलं. हेकेलसाहेबांचा 'ऑयकॉस' आमच्या धुऱ्यावर सापडला!

पुढचं मोजमाप पाण्याचं. बगीच्याच्या कोपऱ्यात आबाजींच्या वडिलांनी खणलेली विहीर आहे. पंचेचाळीस फूट. तिच्या दगडावर मोटेच्या दोराने पडलेल्या खाचा आहेत, बोट घातलं तर पेर बुडेल एवढ्या खोल. बैलांची धाव अजून ओळखू येते. टेपला दगड बांधून मी आत सोडला. तळाशी टेकला तेव्हा 'खट्' आवाज आला. पाणी असतं तर 'डुबुक' आला असता. आबाजी म्हणाले, त्यांच्या लग्नात याच विहिरीतून सगळ्या पंगतीचं पाणी निघालं होतं, आणि लग्न होतं वैशाखात.

मग झाडं कशावर जगतात? बोअरवर. पहिला बोअर बाबांनी घेतला तो अडीचशे फुटांचा. तो आटला, दुसरा घेतला पाचशेचा. तोही आता तासभर चालून हवा ओढतो. मोर्शी-वरुड पट्ट्यात हजार फुटांपर्यंत गेलेल्यांच्या गोष्टी तुम्हाला कोणत्याही पानठेल्यावर ऐकायला मिळतील. भूजल सर्वेक्षणाच्या अहवालांत आमचे दोन्ही तालुके 'अतिशोषित' म्हणून नोंदले गेले. अतिशोषित म्हणजे काय, तर वर्षभरात जेवढं पाणी जमिनीत मुरतं त्याहून जास्त आपण उपसतो. बँकेत पगार जमा होतो त्याहून जास्त रक्कम दर महिन्याला काढायची, असा हा हिशोब. २०१९ च्या उन्हाळ्यात तर बगीचेच्या बगीचे उभे वाळले. लोकांनी कुऱ्हाड लावून सरपण केलं. संत्र्याच्या लाकडाचं सरपण! ते जळताना मी बघितलंय, पुन्हा बघायची इच्छा नाही.

पुस्तकात लीबिगचा नियम आहे. झाडाची वाढ सगळ्यात कमी असलेल्या गोष्टीवर अवलंबून असते. खत कितीही टाका, पाणी कमी असेल तर वाढ पाण्याएवढीच. आपल्या मेसच्या भाषेत, भाजी कितीही उरली तरी पोळ्या संपल्या की जेवण संपलं. आमच्याकडे ती कमी पडणारी पोळी म्हणजे पाणी. आणि संत्र्याची मजा बघा. या झाडाला फुलं यावीत म्हणून मुद्दाम पाणी तोडावं लागतं, त्याला 'ताण देणे' म्हणतात. एप्रिल-मे मध्ये ताण दिला, मृगाचा पाऊस पडला की झाड फुलतं, तो मृग बहार. फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. डिसेंबर-जानेवारीत ताण दिला तर फुलं उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात, तो आंबिया. फळ दिवाळीच्या आसपास. मृग बहार पावसाच्या भरवशावर फुलतो, तर आंबियाचं बोराएवढं फळ पूर्ण उन्हाळा पाण्यावर सांभाळावं लागतं. पाऊस लांबला की मृगाचा भरवसा जातो. म्हणून शेतकरी आंबियाकडे वळतो. आणि आंबिया म्हणजे बोअर. हे सगळं एकाला एक लागून आहे, कुठलाच धागा सुटा ओढता येत नाही.

त्या रात्री अंगणात खाटा टाकल्या होत्या. बाबा बोअरच्या गाडीवाल्याशी फोनवर बोलत होते. आठशे फुटांचा भाव काय, केसिंग किती, पैसे कधी. फोन ठेवल्यावर मी माझी वही काढली. अतिशोषित म्हणजे काय ते सांगितलं. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा जास्त खोलीच्या विहिरीला 'खोल विहीर' म्हटलंय आणि शेतीसाठी ती घ्यायला मनाई आहे, हेही सांगितलं. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. माझे बाबा ओरडत नाहीत. ते म्हणाले,

"बाई, तुह्या पुस्तकात बोअर घेऊ नाई असं लिव्हलं असन. बरोबरच असन. पण आंबियाचं फय आता बोराएवढं हाये. मे महिन्यात पाणी नाई भेटलं तं सारं गयून जाईन. तुह्या हॉस्टेलची फी कोन्या झाडाले लागते? याच झाडाले लागते ना? अन् आपन नाई घेतला बोअर, तं धुऱ्याच्या पलीकडचा घेईनच. मंग आपलं पाणी त्याच्या वावरात जाईन. तवा मले सांग, काय करू?"

मित्रांनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी इलेक्ट्रिकलची. सर्किट दिलं तर सोडवता येतं. इथे सर्किट समोर होतं. माझी फी, बँकेचं कर्ज, आईचं ऑपरेशन, पंपाचे अश्वशक्ती, सगळं त्यात होतं. आणि बाबा चुकीचं बोलत नव्हते.

तिसऱ्या वर्षात आल्यावर कंट्रोल सिस्टिममध्ये 'पॉझिटिव्ह फीडबॅक' शिकले आणि मला ती खाट आठवली. एकाने पाचशे फूट नेला की शेजाऱ्याची विहीर आटते, म्हणून तो सहाशे नेतो, म्हणून पहिला आठशे. आऊटपुट परत इनपुटला जोडलं की सिस्टिम अस्थिर होणारच. त्यात आता साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ च्या योजनेने वीजबिल माफ, आणि सोलर पंप आला तर ऊन फुकट. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण सर्किटच्या दृष्टीने बघितलं तर पंप बंद करायला लावणारं शेवटचं रेझिस्टन्सही गेलं.

बाबांनी विचारलेला प्रश्न नवा नाही हे मला नंतर कळलं. गॅरेट हार्डिन याने १९६८ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात तो कुरणाच्या उदाहरणाने मांडला. गावाचं कुरण सगळ्यांचं, गाय ज्याची त्याची. प्रत्येकजण एक गाय वाढवतो, कारण फायदा त्याचा आणि तोटा सगळ्यांत वाटला जातो. शेवटी कुरण संपतं. हार्डिनने याला शोकांतिकाच म्हटलं. वाचल्यावर वाटलं, चला, म्हणजे आमच्या शिवाराचा निकाल लागलेलाच आहे.

पण व्हायवाच्या वेळी मॅडमनी माझी फाईल उघडली, शेवटचं पान बघितलं आणि विचारलं, "कन्क्लुजन कुठंय?" मी म्हटलं, "मॅम, सुचलं नाही." बाकीच्यांनी 'झाडे लावा, पाणी वाचवा' लिहिलं होतं, माझ्याने ते लिहवेना. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मला एलिनॉर ऑस्ट्रॉमचं नाव एका कागदावर लिहून दिलं आणि म्हणाल्या, "हे वाच. आणि दर सुट्टीत ती विहीर मोजत जा. एका वेळेच्या मोजण्यावर कन्क्लुजन निघत नसतं."

एलिनॉर ऑस्ट्रॉम म्हणजे २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेली पहिली स्त्री. मला वाटलं मोठमोठी गणितं असतील. तर या बाईंची पीएच.डी. होती जमिनीतल्या पाण्यावर, १९६५ ची, आणि तीही कॅलिफोर्नियातली! खऱ्या कॅलिफोर्नियातली, लॉस एंजेलिसजवळच्या 'वेस्ट बेसिन' नावाच्या भागातली. तिथेही सगळे जमिनीतून पाणी ओढत होते. उपसा इतका झाला की समुद्राचं खारं पाणी आत शिरायला लागलं. तिथले लोकही आमच्यासारखेच म्हणत होते, मी थांबलो तर शेजारी ओढेल. पण ते एकत्र बसले. आधी कोण किती उपसतं याचा हिशोब उघड केला. मग सगळ्यांनी थोडं थोडं कमी करायचं ठरवलं, कोर्टाकडून त्यावर शिक्का घेतला, आणि कोणी किती उपसलं हे दरवर्षी सगळ्यांना कळेल अशी व्यवस्था केली. समुद्राच्या बाजूने गोडं पाणी जमिनीत सोडून खाऱ्या पाण्याला बांध घातला. ऑस्ट्रॉम यांनी पुढे जगभरची कुरणं, जंगलं, मासेमारी, पाटपाणी यांचा अभ्यास केला आणि दाखवलं की हार्डिन म्हणतो तसं नेहमीच होत नाही. लोक एकमेकांना ओळखत असतील, एकमेकांचा वापर बघू शकत असतील आणि नियम त्यांनी स्वतः केलेले असतील, तर कुरण टिकतं.

आपल्याकडे हिवरे बाजारने हेच केलंय. पोपटराव पवारांच्या त्या गावात शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असं गावानेच ठरवलं. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. आणि आमच्या वरुड तालुक्यानेही काही केलं नाही असं नाही. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली ती राज्यातल्या फक्त तीन तालुक्यांत, त्यातला एक वरुड. एप्रिल-मे च्या उन्हात लोकांनी श्रमदानाने चर खोदले होते.

हे सगळं मी सुट्टीत घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "त्या बाईले म्हणा आमच्या धुऱ्यावर येऊन बस एक डाव." पण आबाजींना पटलं. त्यांनी धुऱ्याच्या तीन शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. मी वही घेऊन कोपऱ्यात बसले होते. दोन तास नुसता जुना हिशोब निघाला: कोणाची गाय कोणाच्या वावरात गेली होती, कोणी कोणाचा धुरा फूटभर सरकवला. पाण्यावर यायला चौथा चहा लागला. शेवटी एवढं ठरलं की मधल्या नाल्याचा गाळ चौघांनी मिळून काढायचा, दोन उन्हाळे कोणी नवा बोअर घ्यायचा नाही, आणि माझी टेप चारही विहिरींत सोडायची.

बाबांनी त्या वर्षी बोअर घेतला नाही. माझ्या फाईलमुळे घेतला नाही असं मी म्हणणार नाही, बँकेनेही हात आखडता घेतला होता. डिंक्या लागलेली साठ-सत्तर झाडं काढून टाकली. अर्ध्या बगीच्यात आंबिया सोडून मृगावर राहायचं ठरवलं. ठिबकच्या नळ्या नीट केल्या, झाडाखाली काडीकचरा अंथरला. त्या वर्षी पैसे कमी आले. हॉस्टेलची दुसरी इन्स्टॉलमेंट मी उशिरा भरली, का ते आता तुम्हाला कळलं.

नाल्याचा गाळ निघाला. पहिला पावसाळा बरा झाला. ऑक्टोबरमध्ये विहिरीत दगड सोडला तर 'डुबुक' आवाज आला, सतरा फूट पाणी. मी उड्या मारल्या. आणि डिसेंबरात त्या तीन शेजाऱ्यांपैकी एका काकांनी बोअर घेतला. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आंबियाशिवाय भागणार नव्हतं. बोअरला पाणी लागलं. गाडीचा घरघराट दिवसभर आमच्या अंगणात ऐकू येत होता. त्या रात्री घरात कोणी फारसं बोललं नाही. बाबा 'मी म्हनलो होतो' असंही म्हणाले नाहीत. आबाजी तेवढे म्हणाले, "लग्नाले तं जाच लागन."

आम्ही लग्नाला गेलो. आणि नंतरच्या एप्रिलमध्ये मी पुन्हा टेप सोडली. काकांच्या विहिरीतही सोडली, त्यांनी स्वतः दोर धरला होता. आमच्या विहिरीत चार फूट पाणी होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच महिन्यात खट् वाजलं होतं, आता चार फूट. गाळ काढल्यामुळे? झाडं कमी केल्यामुळे? की नुसता पाऊस चांगला झाला म्हणून? दोन रीडिंगवरून ग्राफ काढला तर सरळ रेषाच येते, हे आपल्याला कोणत्याही लॅबमधले सर सांगतील. म्हणून कन्क्लुजनचं पान मी अजून कोरं ठेवलंय.

रेमंड लिंडमन नावाचा एक अमेरिकन मुलगा होता. मिनेसोटातल्या एका लहानशा तळ्यात तो वर्षानुवर्षं शेवाळं, किडे, मासे मोजत बसला. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर किती ऊर्जा जाते हे त्याने त्यातून मांडलं. आपण पेपरात 'टेन परसेंट लॉ' लिहितो तो त्याच्या नावाने. त्याचा निबंध आधी परत आला होता. छापून आला १९४२ मध्ये, पण तो बघायला लिंडमन नव्हता. सव्वीसाव्या वर्षीच गेला. आपल्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. कॉरिडॉरमध्ये घोकताना आपल्याला हे कोणी सांगत नाही की ते दोन मार्कांचं उत्तर कोणाचं तरी अख्खं आयुष्य होतं.

आता थोडं आपल्या हॉस्टेलबद्दल, कारण संपादकांनी बजावलंय की लेख कॉलेजशी संबंधित हवा. अमरावती शहराला पाणी कुठून येतं माहीत आहे? मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ अप्पर वर्धा धरण आहे, १९९३ मध्ये पूर्ण झालेलं. जलाशयाला नाव आहे नल-दमयंती सागर. शहराचं पाणी तिथून येतं, नांदगावपेठच्या औष्णिक वीज केंद्रालाही तिथलंच पाणी जातं. आमचा बगीचा धरणाच्या वरच्या अंगाला, कालवे खालच्या अंगाला. त्यामुळे धरण आमच्या तालुक्यात आणि टेपला बांधलेला दगडही आमच्याच तालुक्यात वाजतो. याबद्दल मला तक्रार करायची नाही. शहरालाही पाणी लागतं, मी स्वतः तेच पिते. पण लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्यातला नळ गेले कित्येक महिने गळतोय. मी एकदा त्याखाली बादली लावून घड्याळ बघितलं. रात्री अकरा ते सकाळी सहा, बादली भरून वाहिली. ही बादली पन्नासेक किलोमीटरवरून आली होती. वॉशर किती रुपयांचं असतं हे मेकॅनिकलवाल्यांनी सांगावं.

आणि ज्युनिअर्ससाठी एक सूचना. एन्व्हायर्नमेंटलची फाईल माझ्याकडे मागायला याल तर खुशाल या, रूमवर असते. गुळवेलीचं पान आणि ढालकिड्याची चित्रं उतरवून घ्यायला हरकत नाही. पण पाण्याच्या पातळीचे आकडे आमच्या विहिरीचे आहेत, ते तुमच्या उपयोगाचे नाहीत. टेप मात्र देईन, तिला दगड बांधलेलाच आहे.